जुना आयपॉड, सीएनजी वॅगन आर आणि दारातला आवाज

आधी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. गाडी २०१३ची सीएनजी वॅगन आर, रोजची ये-जा ठाणे ते अंधेरी. डॅशबोर्डात डीलरने त्या वेळी टाकून दिलेला सिंगल डिन (एका आडव्या खणाच्या मापाचा) सीडी प्लेयर आहे. ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही. पुढे ऑक्सचं (बाहेरचा प्लेयर वायरने जोडायचं) भोक आहे, पण पिन जरा हलली की एक बाजू बंद पडते. वडिलांनी जमवलेली नाट्यगीतं, भावगीतं, अभंग असं सगळं १६० जीबीच्या आयपॉड क्लासिकमध्ये आहे आणि ते गाडीत ऐकायचंय. फोनवरची गाणी आणि कॉलही हवेत. आवाज ‘पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा’ येतो. बजेट वीस हजार. दुकानदाराने नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन आणि सीटखालचा वूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर) सुचवलाय. घ्यावा का?

नको. दोन्ही नको. वीस हजार त्यात संपतील आणि डबा तसाच वाजत राहील, फक्त जास्त जोरात. तुमच्याकडे दोन वेगळी कामं आहेत: गाणी स्टिरिओपर्यंत पोचवणं आणि आवाज सुधारणं. पहिलं काम स्वस्तात होतं. दुसरं जवळजवळ सगळं पुढच्या दोन दारांत होतं. स्क्रीनचा त्याच्याशी संबंध नाही.

कशालाही हात लावण्याआधी आयपॉडमधली गाणी बाहेर काढून ठेवा. क्लासिकमध्ये १.८ इंची फिरती हार्ड डिस्क असते. ती बराच वेळ थांबलेली असते, कारण गाणं आधी मेमरीत भरून घेतलं जातं. तरी जेव्हीएलआरवरचे (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) खड्डे आणि उन्हात तापलेली गाडी तिला मानवत नाहीत. ॲपलने आयपॉडसाठी वापरतानाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आणि नुसता ठेवतानाची ४५ दिली आहे. मे महिन्यात उघड्यावर उभी केलेली गाडी आतून त्याच्या वर सहज जाते, म्हणजे ग्लव्हबॉक्समध्ये कायमचा ठेवायचा विचार सोडा. ज्या कॉम्प्युटरवरून गाणी भरली होती तो आता नसेल तरी घाबरू नका. आयपॉड डिस्क म्हणून जोडला की त्यात एक लपवलेला फोल्डर असतो. आतल्या फायलींची नावं चार अक्षरी, अर्थ न लागणारी दिसतील, पण गाण्याचं नाव, गायक वगैरे टॅग फायलीच्या आत शाबूत असतात. सगळं उचलून कॉम्प्युटरवर ठेवा, टॅगवरून नावं परत लावून देणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. आयपॉड बनणं २०२२ साली कायमचं थांबलं आणि क्लासिक तर २०१४ लाच बंद झाला. हा बिघडला तर तसाच नवा मिळणार नाही.

आता जोडणी. पहिला मोह एफएम ट्रान्समीटरचा होतो: लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा, रेडिओवर लावायचा, झालं. मुंबईत हे चालत नाही, किंवा दहा मिनिटं चालतं. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात इथे ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३, १०७.१ अशी दणदणीत स्टेशनं बसलेली आहेत. त्यांच्या मधल्या जागेत तुमचा चिमुकला ट्रान्समीटर ठाण्यात स्वच्छ वाजेल आणि पवईपर्यंत पोचताना शेजारचं स्टेशन त्याच्यावर चढेल. शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही, आणि ट्रान्समीटरमधला स्वस्त भाग स्वतःची खरखर घालतो ती वेगळीच. जुन्या मारुती ८००मध्ये कॅसेटच्या आकाराचा ॲडॅप्टर मिळायचा, त्याची वायर प्लेयरला लावायची. तो ट्रान्समीटरपेक्षा कितीतरी बरा वाजायचा. तुमच्याकडे कॅसेट प्लेयर नाही, त्यामुळे तो विषय इथेच संपला.

ऑक्सचं भोक दुरुस्त होतं. पिन हलली की एक बाजू जाते याचा अर्थ बहुतेक वेळा जॅकचा सोल्डर तडकलाय किंवा आतली पत्ती सैल झालीय. लॅमिंग्टन रोडला स्टिरिओ काढून नेलात तर जॅक बदलून मिळतो, खर्च किरकोळ. मग आयपॉड तिथे हेडफोनच्या भोकातून जोडू नका. त्याच्या तळाशी ३० पिनांचं रुंद कनेक्टर आहे, त्यात लाइन आउट असतो. हा सिग्नल आयपॉडच्या आवाजाच्या चाकाला आणि हेडफोनच्या छोट्या ॲम्पला (आवाज वाढवणाऱ्या सर्किटला) वगळून सरळ बाहेर येतो, पातळी कायम एकच. ३० पिन ते ३.५ मिमी अशी केबल शोधा. नवी मिळाली नाही तर चोर बाजारात किंवा जुन्या डॉकच्या आत सापडते. फरक पहिल्या आलापातच कळतो. हेडफोनच्या भोकातून आयपॉड पूर्ण वर केला की फाटतो आणि खाली ठेवला की खरखर वाढते. लाइन आउटला हा प्रश्नच नाही.

एक सावधगिरी: आयपॉड किंवा फोन चार्जिंगला लावून त्याच वेळी ऑक्समधून वाजवला की ‘ऊंऽऽ’ असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो वर चढतो. ऑल्टरनेटरचा हा आवाज दोन वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंग (ग्राउंड) मिळाल्यामुळे शिरतो. चार्जर काढून बघा. आवाज गेला तर निदान पक्कं. ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर टाकला की बहुतेक गप्प होतं. त्याच्या आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. अगदी स्वस्तातला घेतला तर डग्ग्याचा खर्ज थोडा खातो.

एवढ्यावर भागतं का? नुसता आयपॉड ऐकायचा असता तर भागलं असतं. पण तुम्हाला फोन आणि कॉलही हवेत, म्हणून स्टिरिओ बदला, सिंगल डिनचाच. १८० बाय ५० मिमीची जागा तुमच्याकडे आहेच, फ्रेम कापायची गरज नाही. सीडीशिवायचा, ब्लूटूथ-यूएसबीचा नावाजलेल्या कंपनीचा डेक (म्हणजे स्टिरिओच) साधारण चार ते सहा हजारांत येतो. खोक्यावर तीन गोष्टी बघा: मागे प्रीआउट (बाहेरचा ॲम्प जोडायची भोकं) आहेत का, मेनूमध्ये हाय-पास फिल्टर (अगदी खालचा खर्ज अडवणारा) आहे का, आणि प्रत्येक स्पीकरला वेगळा विलंब (जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडायची सोय) देता येतो का. तिसरी गोष्ट या किमतीत क्वचित मिळते, मिळाली तर सोडू नका. ‘आयपॉड चालतो’ असं लिहिलेलं असलं तरी क्लासिक चालेलच असं नाही. आयपॉड आणि त्याची यूएसबी केबल खिशात घेऊन जा, काउंटरवर जोडून बघा, मगच पैसे द्या.

पेन ड्राइव्हचा मार्ग मला जास्त आवडतो. बाहेर काढलेली गाणी एमपीथ्रीत, फॅट३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर, एका कलाकाराला एक फोल्डर. एक्सफॅट केलेला ड्राइव्ह बरेच डेक वाचत नाहीत आणि ॲपल लॉसलेस फायली तर फारच थोडे. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून फोल्डरची नावं रोमनमध्ये ठेवलेली बरी. हे काम एका रविवारी वडिलांना सोबत घेऊन करा. कोणती बंदिश कोणाची हे टॅगपेक्षा त्यांना जास्त माहीत असणार.

फोन ब्लूटूथने. त्याच्या आवाजाबद्दल लोक उगाच भांडतात. नेहमीचा एसबीसी कोडेक (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची पद्धत) चांगल्या सेटिंगला साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत जातो, आणि नव्वद टक्के ॲक्सिलरेटर-ब्रेक अशा रस्त्यावर त्यातली कसर कानाला पोचत नाही. फोनचा आवाज मात्र पूर्ण वर ठेवा आणि कमीजास्त स्टिरिओवरून करा. कॉलचा मायक्रोफोन विंडशील्डच्या उजव्या खांबावर बसवायला सांगा, एसीच्या जाळीजवळ नको, नाहीतर समोरच्याला फक्त वारा ऐकू येतो. गाडी चालवताना फोन हातात धरणं २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, त्यामुळे हा छोटा मायक्रोफोन चैन नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘५० वॉट × ४’ लिहिलेलं असेल. ते विसरा. गाडीची वीज इंजिन चालू असताना १४.४ व्होल्टच्या आसपास. डेकमधला ॲम्प त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला जास्तीत जास्त किती देईल याचा हिशेब सोपा आहे: १४.४ चा वर्ग भागिले ८, म्हणजे जेमतेम २६ वॉट, तेही तोटा धरला नाही तर. प्रत्यक्षात आवाज न फाटता मिळतात पंधरा ते वीस. हे काही वाईट नाही, पण स्पीकर त्या हिशेबाने निवडायला हवा. सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते) ९० डेसिबल किंवा वर असलेला घ्या. ८७ आणि ९० मधले तीन डेसिबल भरून काढायला ॲम्पची ताकद दुप्पट लागते, आणि ती तुमच्याकडे नाही.

फिटिंग करताना वायर कापू देऊ नका. गाडीला जुळणारा कपलर वेगळा मिळतो, कंपनीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) तो अडकवायचा आणि डेकचा दुसऱ्या बाजूला. पिवळी वायर कायम चालू, लाल वायर चावीवर, काळी अर्थ. पिवळी-लाल उलटी जोडली तर चावी काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. दोन्ही कायम चालूवर जोडली तर चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी झोपते. कारागीर घाईत असला की दुसरा प्रकार सर्रास होतो.

आता दारांकडे येतो, कारण तुमचा डब्याचा आवाज तिथेच आहे. स्पीकरचा कोन पुढे जाताना समोर हवा दाबतो, त्याच वेळी मागे हवा ओढली जाते. हे दोन्ही आवाज एकमेकांना भेटले की खालचा स्वर नाहीसा होतो. घरच्या स्पीकरला मागून लाकडी पेटी असते म्हणून तिथे भेट होत नाही. गाडीत ती पेटी म्हणजे दार. आणि दाराच्या आतल्या पत्र्याला काच-मशीनसाठी हातभर मोठी भोकं, बाहेरचा पत्रा पातळ आणि थरथरणारा. या पेटीत दहा हजारांचा स्पीकरही डबाच वाजणार. दाराचं पॅड काढून बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारून बघा: टण्ण असा लांबलेला आवाज येतो तोच तुमच्या प्रत्येक गाण्यात मिसळतोय.

उपाय ब्यूटाइल डॅम्पिंग शीट, वर ॲल्युमिनियमचा थर असलेली. बाहेरच्या पत्र्याचा सगळा भाग झाकायची गरज नाही. मधला साधारण तिसरा हिस्सा झाकला तरी टण्णचं ठक्क होतं. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेला हवा आणि शीट रोलरने दाबलेली हवी, हाताने नव्हे. हार्डवेअरच्या दुकानात गच्चीच्या गळतीला लावायची डांबराची पट्टी मिळते, काही जण पैसे वाचवायला तीच लावतात. मे महिन्यात ती मऊ होते, वास येतो, आणि काचेच्या मशीनवर लोंबते. खरं ब्यूटाइलच मागा. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं ॲल्युमिनियमच्या किंवा कडक प्लास्टिकच्या तुकड्याने झाकून त्यावर शीट. दोन पुढच्या दारांचं हे काम मजुरीसकट साधारण तीन-साडेतीन हजारांत होतं. माझ्या मते एवढ्या पैशात आवाजाला इतका फायदा दुसऱ्या कशानेही होत नाही.

इथे मुंबईचा पाऊस लक्षात घ्यावा लागतो. काचेच्या पट्टीतून पाणी दाराच्या आत येतं, ते येणारच, दाराची रचनाच तशी आहे. खाली भोकं असतात, तिथून ते बाहेर जातं. डॅम्पिंग करणाऱ्याने ती भोकं बुजवली तर दार पाण्याची टाकी होतं आणि आतून गंजतं. दाराच्या पॅडमागे कंपनीने लावलेला प्लास्टिकचा पडदा असतो, पाणी पॅडवर आणि पायाखालच्या कार्पेटवर येऊ नये म्हणून. घाईत तो टराटरा फाडतात आणि परत लावत नाहीत. आतल्या पत्र्याची भोकं नीट बंद केली असतील तर त्याची जागा शीट घेते. नसतील तर पडदा परत चिकटवून घ्या. स्पीकरचा कोन पॉलिप्रोपिलीनचा घ्या, कागदाचा नको. त्याच्यामागची रिंग बऱ्याचदा एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) कापून लावतात. दमट हवेत ती दोन पावसाळ्यांत फुगते, स्क्रू सैल होतात आणि खर्र सुरू होतं. प्लास्टिकची किंवा रंग मारलेली मरीन प्लायची रिंग मागा.

स्पीकर कंपोनंट प्रकारचा, म्हणजे ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) वेगळा. नाट्यगीत-अभंगाला गळा, पेटी आणि तबला स्वच्छ लागतो, आणि तो सगळा खेळ मधल्या पट्टीत आहे. जुनी नाट्यगीतं मूळ ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेली असतील तर त्यात वरच्या टोकाला संगीतापेक्षा खरखरच जास्त असते. म्हणून धातूच्या डोमचा, सणसणणारा ट्वीटर घेऊ नका, रेशमी डोमचा घ्या आणि क्रॉसओव्हरवर (वरचे आणि खालचे सूर वेगळे करणाऱ्या डबीवर) ट्वीटर कमी करायची सोय असेल तर ती वापरा. माप घेताना काच पूर्ण खाली करून मॅग्नेटमागे किती जागा राहते ते मोजायला सांगा. वर असताना मोजलं तर काच पहिल्यांदा खाली केल्यावर मॅग्नेटवर आपटेल. पाच ते सात हजारांत तुमच्या गरजेचा चांगला जोड येतो. मागचे स्पीकर तसेच राहू द्या आणि फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटायची सेटिंग) पुढे ओढून ठेवा. मागे बसणाऱ्यांना पुढचा आवाज पुरतो.

सीटखालचा वूफर का नको? एक, डग्ग्याचा खालचा घुमारा सीलबंद दारातला साडेसहा इंची स्पीकर बऱ्यापैकी देतो. ढोल-ताशा किंवा क्लबचं संगीत तुमच्या यादीत नाही. दुसरं कारण पावसाळ्याचं. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, कुठेही एकदा गाडीत पाणी शिरलं की सर्वांत आधी सीटखालची वस्तू जाते. डिक्कीत ठेवावा तर तिथे सीएनजीची टाकी आहे. वर्षा-दोन वर्षांनी पैसे जमले आणि अजून ताकद हवी वाटली तर डेकच्या मागे बसणारा छोटा क्लास डी ॲम्प घ्या, चार चॅनलचा. त्याला थेट बॅटरीपासून वायर ओढाल तेव्हा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, ॲम्पजवळचा पुरत नाही. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर आग तिथून लागते. ती वायर सीएनजीच्या नळीला बांधून नेताना दिसली तर काम थांबवा. अर्थ जिथे पकडणार तिथला रंग खरवडून, बोल्ट घट्ट करून वर व्हॅसलिन लावा. खाऱ्या हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो आणि मग तो ‘ऊंऽऽ’ परत येतो.

अँड्रॉइड स्क्रीनबद्दल एवढंच: नकाशा फोनवर आहेच. कमी मेमरीची स्वस्त स्क्रीन चावी लावल्यावर जागी व्हायलाच वेळ घेते, आणि तिच्यातला ॲम्प बहुतेक वेळा साध्या डेकपेक्षा गढूळ असतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला हे सगळं एका गल्लीत मिळतं, पण स्पीकर आणि डॅम्पिंगचं काम एकाच माणसाला द्या. वेगवेगळ्या दोघांना दिलंत तर खर्र आल्यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. सकाळी जा, शनिवार-रविवार टाळा. दाराला चिकटवायचं काम कोरड्या दिवशी व्हायला हवं, म्हणून जूनच्या आधी उरकून घ्या.

गाडी ताब्यात घेताना तिथेच दोन तपासण्या. बॅलन्स मधोमध ठेवून एखादं भरदार गाणं लावा, मग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे न्या. दोन्ही बाजू एकट्या भरलेल्या आणि मधोमध आल्यावर खर्ज गायब होत असेल तर एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी आहे. कारागीर मान्य करत नसेल तर वायरी सोडवून स्पीकरला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस असताना कोन बाहेर यायला हवा. डेकच्या मेनूत हाय-पास ८० हर्ट्झला लावा, स्पीकर मोकळा होतो आणि गळा सुटतो. ‘लाउडनेस’ आणि ‘बेस बूस्ट’ बंद. डेकमध्ये विलंबाची सोय मिळाली असेल तर चालकाच्या कानापासून डावा आणि उजवा स्पीकर टेपने मोजा. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंमी जातो, म्हणजे ५० सेंमीच्या फरकाला उजव्या स्पीकरला साधारण दीड मिलिसेकंद विलंब द्या. गायक मग तुमच्या उजव्या गुडघ्याजवळून उठून डॅशबोर्डाच्या मध्यावर येऊन बसतो.

आणि पहिला मोठा पाऊस झाला की पुढच्या दोन्ही बाजूंची रबरी मॅट उचलून खालचं कार्पेट हाताने दाबून बघा. ओलं लागलं तर त्याच आठवड्यात दार उघडून सील परत करून घ्या, आणि ते फुकट करून देण्याचं आधीच बिलावर लिहून घेतलेलं असू द्या.